फार उपयोगी मुलगी

धाकटीला वर्गात तिच्या नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे तिला ‘छोट्या बाई’ म्हणत. हे नाव पाडलं खुद्द वर्गाच्या बाईंनी, तेही कौतुकाने, त्यामुळे सुरुवातीला ते ऐकून धाकटीच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

सहावीचं गणिताचं पुस्तक तिने शाळा सुरू झाल्या झाल्या संपवून टाकलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं, आपलं वाचत गेली आणि संपलं. सरकारी शाळा, वर्गात साठ मुलं, बाई एकट्या. त्यात बाईंना कार्यालयातून सारखं बोलावणं. आज ही माहिती भरून द्या, उद्या त्या घरांची पाहणी करून या. बाईंच्या नाकीनऊ आले होते. अशात एकदा घाईघाईने बाहेर पडताना त्यांनी खडू धाकटीच्या हातात दिला आणि मागच्या दोन रांगांना अपूर्णांकांचा भागाकार समजावून सांग म्हणाल्या. परत येऊन बघतात तर धाकटीने कागदाच्या घड्या घालून, फाडून, सगळ्यांना भागाकार करायला बसवलेलं. बाई दारातच थबकल्या. त्यांच्या डोक्यावरचं केवढं तरी ओझं उतरलं असावं, कारण त्या दिवसापासून ते धाकटीच्या डोक्यावर गेलं.

मग वह्या तपासणं आलं, पाढे म्हणवून घेणं आलं, फळ्यावर उदाहरणं लिहिणं आलं. मागच्या रांगेत एक मुलगी होती, तिला सगळे गोगलगाय म्हणत. तिला धड वाचता येत नव्हतं. धाकटीने तिला वाचायला शिकवलं. एका ओळीला अर्धा तास लागायचा, पण दोघी चिकाटीच्या. गोगलगाय पहिल्यांदा अख्खा परिच्छेद न अडखळता वाचून गेली तेव्हा दोघींनी मधल्या सुट्टीत एकमेकींना इतकं गदागदा हलवलं, की बघणाऱ्यांना भांडण वाटलं.

एवढं सगळं खरं. पण धाकटीला स्वतःला कोणी काही शिकवत नव्हतं.

पाढे तपासता तपासता एकदा तिच्या लक्षात आलं, की एक, तीन, पाच, सात असे विषम आकडे ओळीने मिळवत गेलं, की चार, नऊ, सोळा असे वर्गच येतात. तिने पुढे जाऊन पाहिलं. कुठेही चुकेना. तिला दम धरवेना. बाईंना गाठून तिने ते दाखवलं आणि असं का होतं म्हणून विचारलं. बाईंनी कागदाकडे ओझरतं पाहिलं, छान म्हणाल्या, आणि मागच्या रांगेत मारामारी चाललीय तिकडे बघ म्हणाल्या. धाकटी मारामारी सोडवायला गेली. पण ते ‘का’ तिच्या घशात हाडकासारखं अडकून राहिलं.

हिवाळ्याच्या तोंडावर शिक्षण खात्याने सरकारी शाळांमधल्या विशेष हुशार मुलांसाठी एक केंद्र काढलं. आठवड्यातून दोन सकाळी, शाळेच्याच वेळात, तिथे जायचं. प्रत्येक वर्गातून शाळा दोन नावं देणार, केंद्र त्यांची चाचणी घेणार. वर्गात कोणाला शंकाच नव्हती. गोगलगाय तर धाकटीला म्हणाली, आठवड्यातून दोनच दिवस आहे ना, मग ठीक आहे.

नावं वाचून दाखवली गेली. एक होता मोत्यासारखं अक्षर असलेला आणि शाळेच्या प्रत्येक समारंभात भाषण करणारा मुलगा. दुसरी होती एक शांत मुलगी, जिचा गृहपाठ कधी राहिला नव्हता. दोघंही चांगली मुलं. धाकटीने उरलेला तास खाली मान घालून काढला आणि मग बाईंच्या टेबलाशी जाऊन सरळ विचारलं, माझं नाव का नाही?

बाईंनी आडपडदा ठेवला नाही. दमलेल्या माणसाला थापा मारण्याचंही त्राण नसतं.

“तू गेलीस तर मागच्या दोन रांगांचं काय?” त्या म्हणाल्या. “आणि तुला कशाला हवाय तो वर्ग? तुला सगळं येतंच की.”

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्याला सगळं येत नाही, हे या जगात फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, असं तिला वाटलं. तिला ओरडायचं होतं, पण बाईंसमोर आवाज चढवायची सवय नव्हती. ती जागेवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी बाईंना बोलावणं आलं. त्यांनी खडू पुढे केला. धाकटीने हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. बाईंना वाटलं, बरं नसेल. त्या खडू टेबलावर ठेवून गेल्या. वर्गाचा बाजार झाला. पोरं बाकांवर चढली, कोणाचा तरी डबा खिडकीतून खाली गेला. धाकटी थंडपणे बसून राहिली. गोगलगाय वाचनाचं पुस्तक घेऊन जवळ आली, तर धाकटीने तिच्याकडेही पाहिलं नाही. ते मात्र तिला आतून फार लागलं. असं तिसऱ्यांदा झालं तेव्हा कलकलाट ऐकून मुख्याध्यापक स्वतः वर आले. हा गोंधळ का थांबवला नाहीस, असं त्यांनी तिला विचारलं. साठ मुलांमधून फक्त तिला.

“मी सहावीत आहे, सर,” धाकटी म्हणाली. “मी शिक्षिका नाही.”

झालं. उर्मट ठरायला एवढं पुरलं. आईला शाळेत बोलावणं गेलं.

धाकटीची आई एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखात्यात होती. वडील मालवाहू गाडी घेऊन आठवडेच्या आठवडे बाहेर, तेव्हा घरचं सगळं तीच बघायची. अर्धी पाळी सोडून आली ती तणतणतच. फाटकाशीच तिने धाकटीला चांगलंच झापलं. थोरलीने कधी अशी वेळ आणली नाही, एवढी शहाणी समजतेस का स्वतःला, सगळा पाढा वाचून झाला. धाकटी चपलेने मातीत रेघा ओढत राहिली. आई शाळेत कुणाशी बोलताना नेहमी अर्धी होऊन बोलते हे तिला माहीत होतं, आणि आज आपली धडगत नाही हेही.

मुख्याध्यापकांच्या खोलीत बाईही होत्या. मुख्याध्यापक तसे गोड बोलणारे. त्यांनी आईला खुर्ची दिली, घडलेलं सांगितलं आणि वर सारवासारव केली.

“मुलगी वाईट नाही हो. फार उपयोगी मुलगी आहे. मागच्या रांगांचा निकाल हिच्यामुळेच तर लागतो.”

आई माफी मागायच्या बेतात होती. ती थांबली. तिने विचारलं, या वर्षी हिला नवीन काय शिकवलंत? मुख्याध्यापकांनी बाईंकडे पाहिलं. हिला शिकवायची गरजच पडत नाही, असं बाई म्हणाल्या. बोलून झाल्यावर ते त्यांनाच कसंतरी वाटलं असावं, कारण त्यांनी नजर खाली वळवली. आईने मग केंद्राचं काढलं. नावं गेली, आता पुढच्या वर्षी बघू, असं म्हणून मुख्याध्यापकांनी हात झटकले.

“आमच्या धुलाईखात्यात यंत्राला उपयोगी म्हणतात,” आई म्हणाली. “त्यालासुद्धा अधूनमधून तेल घालतात.”

ती उठली. धाकटीचा दंड धरून बाहेर आली. धाकटीला वाटलं, आता रस्त्यात मार बसणार. पण आईने बस पकडली ती घराची नव्हे, केंद्राची.

केंद्रात आधी कोणी दाद देईना. शाळेकडून नाव आलेलं नाही, मग आम्ही काय करणार? आई बाकावर बसली आणि हललीच नाही. शेवटी चाचणी घेणाऱ्या मॅडम बाहेर आल्या. केस पिकलेल्या, घाईत असलेल्या. त्यांनी उभ्या उभ्याच धाकटीला विचारलं, तुला असं काय येतं? धाकटी इतकी चिडलेली होती की भीडभाड विसरली. मला काय येत नाही ते सांगू का, म्हणाली, आणि तिने विषम आकड्यांचं सांगितलं. मॅडमनी पिशवी खाली ठेवली. एक कागद दिला, ठिपके काढून बघ म्हणाल्या. धाकटीने एक ठिपका काढला, त्याच्या दोन बाजूंना मिळून तीन, मग पाच, आणि चौकोन वाढत वाढत गेला. तिने वर पाहिलं. अंगावर काटा आला होता.

मग मॅडमनी तिला बुद्धिबळाच्या पटाचं कोडं घातलं. पटाचे तिरक्या रेषेत समोरासमोर येणारे दोन कोपरे कापून टाकले, तर उरलेला पट दोन-दोन घरांच्या तुकड्यांनी पूर्ण झाकता येईल का? धाकटी त्याच्याशी झुंजत बसली आणि तिला ते सुटेना. आजवर तिला असं कोणी अडवलंच नव्हतं. तिला रडू फुटायला आलं आणि त्याच वेळी कोणी कागद काढून घेतला तर चावेन असंही वाटलं. सुटलं ते परतीच्या बसमध्ये, आई खिडकीला डोकं टेकून पेंगत असताना. कोपरे एकाच रंगाचे, आणि प्रत्येक तुकडा झाकतो एक काळं घर आणि एक पांढरं, म्हणजे झाकताच येणार नाही! ती इतक्या जोरात ओरडली की चालकाने आरशातून पाहिलं.

केंद्राने शाळेला पत्र धाडून तिला मागवून घेतलं. मुख्याध्यापकांनी ते कडू औषधासारखं घेतलं. बाईंनी तिच्याशी बोलणं टाकलं. धाकटीला केंद्रात सुख लागलं, पण तिकडून वर्गात परतली की तिचं तोंड कडू व्हायचं. मागच्या रांगा पुन्हा होत्या तिथे गेल्या होत्या. गोगलगाय एका चाचणीत कोरा कागद देऊन आली आणि मधल्या सुट्टीत धाकटीच्या अंगावर धावली.

“तुला सगळं मिळालं ना? आता मला कोण शिकवणार?”

धाकटी धुमसत थेट बाईंकडे गेली. बाई रिकाम्या वर्गात कसलेतरी तक्ते भरत होत्या. इतके दिवस साठलेलं सगळं तिने भडाभडा ओतलं. तुम्ही त्यांना शिकवत नाही, तुम्ही मला त्यांच्यात आणि त्यांना माझ्यात अडकवलंत, गोगलगाय मला स्वार्थी समजते आणि ते तुमच्यामुळे.

बाईंनी पेन ठेवलं. धाकटीला वाटलं, आता थोबाडीत बसेल.

“चार वर्षं दुसरी शिक्षिका मागतेय मी,” बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण चिरका झाला होता. “चार वर्षं. शिक्षिका आली नाही. मिळालीस तू.”

“मग हे मला कशाला सांगता? त्यांच्या आईवडिलांना सांगा.”

बाईंनी पेन पुन्हा उचललं. त्यांनी तिला जा म्हणून खूण केली.

पण पुढच्या पालकसभेत मुख्याध्यापक निकालाचं कौतुक करत असताना बाई उभ्या राहिल्या, आणि मागच्या दोन रांगांना या वर्षी कोणी शिकवलं ते त्यांनी भर सभेत सांगितलं. एका अकरा वर्षांच्या मुलीने. माझ्या सांगण्यावरून. सभा उसळली. गोगलगायीचे आजोबा काठी आपटत पुढे आले. ओरडा बाईंवरही झाला, आणि त्यांनी तो निमूट ऐकून घेतला. धाकटीच्या आईसह पंधरा-वीस जणांनी खात्याच्या कार्यालयात खेटे घातले. बाईंना शिस्तभंगाची नोटीस आली. आणि वर्षअखेरीपर्यंत, अर्ध्या वेळेसाठी का होईना, एक शिक्षिका आली.

ती कोवळी पोर होती, नुकती शिकून बाहेर पडलेली. पहिल्याच तासाला मागच्या रांगांनी तिला हैराण केलं. कोणीतरी तिच्या कानात सांगितलं असणार, कारण ती धाकटीजवळ आली आणि जरा मदत करशील का म्हणून लाघवीपणे विचारलं.

“नाही,” धाकटी म्हणाली.

नव्या शिक्षिकेचा चेहरा पडला. तिने वर्गाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिलं. बाईंनी फळ्यावरचं लिहिणं थांबवलं नाही.

“तिला विचारू नका,” त्या म्हणाल्या. “तुम्हालाच जमवावं लागेल.”

धाकटीने ते ऐकलं. ऐकून तिचा राग गेला नाही. गेलेलं वर्ष कोणी परत देणार नव्हतं, आणि अर्ध्या वेळेची शिक्षिका म्हणजे साठ पोरांच्या तोंडाला पुसलेली पानंच होती, हे तिला त्या वयातही कळत होतं. मागे गोगलगाय नव्या शिक्षिकेसमोर पुस्तक उघडून, मुद्दाम खड्या आवाजात, एकेक अक्षर लावत होती. धाकटी ते कान देऊन ऐकत राहिली. दोनदा तिचं चुकलं, तेव्हा धाकटीने ओठ घट्ट मिटून घेतले.