ट्रॉम्बोनच्या तोंडावरचा मोरीपंप

"ठेव ते खाली, तायडे! लोकांच्या तुंबलेल्या मोऱ्या काय तुझ्या ट्रॉम्बोननं मोकळ्या करू?"

"कर की. लांबडा आहे, आतपर्यंत जाईल."

"माझं हत्यार आहे ते!"

"आणि माझा आवाज आहे. सोड म्हणते ना!"

मित्रांनो, 'ते' म्हणजे मी. एकीकडून बारक्या ओढतोय, दुसरीकडून त्याची थोरली बहीण ओढतेय, आणि मधल्यामध्ये माझी लांबी वाढतेय. मी एक जुना मोरीपंप आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढं तुम्हाला मला मान द्यावा लागणार आहे.

लाल रबराची वाटी आणि मागं लाकडी दांडी, एवढाच मी. मोरी तुंबली की तिच्या तोंडावर मला बसवायचं, दाबायचं, खेचायचं, की आत अडकलेलं गुमान बाहेर. कारखान्यात माझ्याबरोबरच्या रबरांपैकी कुणाचे चपलांचे तळवे झाले, कुणाच्या पायपुसण्या झाल्या. जन्मभर लोकांच्या पायाखाली! मी निदान हातात राहिलो.

बारक्या प्लंबर. हात सोन्याचा, तोंड मात्र फाटकं. त्याच्याबरोबर मी काय काय उपसलं ते विचारू नका. केसांचे गुंते, साबणाचा चिखल, एकदा तर एका आजोबांची कवळी. आजोबांनी बारक्याच्या पाठीवर थाप मारली, कवळी नळाखाली धरल्यासारखी केली आणि तोंडात बसवून चालू पडले. मला कुणी साधं 'शाब्बास' म्हटलं नाही. काम झालं की पिशवीत, पान्यांच्या खाली, ओलाच.

ताई जॅझ वाजवते. ट्रॉम्बोन म्हणजे पितळेचं लांबलचक वाद्य. त्याची नळी पुढंमागं सरकवायची आणि फुंकायचं, पुढच्या भोंग्यातून आवाज येतो. त्या भोंग्यावर माझ्यासारखी रबरी वाटी धरून उघडमीट केली, की वाद्य माणसासारखं बोलायला लागतं. रुसतं, टोमणे मारतं. ताईनं दुकानातून नव्याकोऱ्या वाट्या आणून बघितल्या. पण नवं रबर ताठ असतं. आवाज असा यायचा की सर्दी झालेला कारकून खिडकीतून 'उद्या या' म्हणतोय. मी मात्र मोऱ्या दाबून दाबून मऊ झालेलो. एके दिवशी ताईनं माझी दांडी उपटली, मला भोंग्यावर धरलं आणि फुंकलं. भोंगा म्हणाला, "आँव?" अगदी स्पष्ट, प्रश्नचिन्हासकट! त्या दिवसापासून मी वाद्य झालो. बारक्याला हे पटत नाही, तो त्याचा प्रश्न.

त्या रविवारी भांडण जास्त पेटलं, कारण संध्याकाळी कार्यक्रम होता. पियानो वाजवणारे मास्तर बँडचे प्रमुख. त्यांनी ताईला बजावलं होतं, "आज ट्रॉम्बोन बोलला तर बँडमधली खुर्ची कायमची तुझी. नाही बोलला तर सॅक्सोफोनवाल्याचा जावई तयार आहे." जावई कायमच तयार असायचा. सासऱ्याचा कोट घालून.

शेवटी ताईनं मला दांडीवरून उपटलं, काखेत मारलं आणि पळाली. बारक्या नुसती दांडी हातात घेऊन तिच्या मागं, थेट हॉलपर्यंत. तिथं त्याला स्टेजमागंच थांबवलं.

जॅझमध्ये एक रीत असते. सगळे मिळून वाजवतात, मग एकेकाची पाळी येते. जो पुढं येईल त्याला बाकीच्यांनी जागा द्यायची. त्यानं काहीही करावं. त्याचं संपलं की लोकांनी टाळ्या वाजवायच्या. हे 'काहीही' ऐकणारे फार मनावर घेतात. पहिल्या रांगेत एक दातांचे डॉक्टर बसायचे, कायम डोळे मिटून. एकदा ड्रमवाल्याची झांज निसटली आणि घरंगळत दारापर्यंत गेली. डॉक्टर म्हणाले, "काय धाडस आहे!"

ताईची पाळी आली. ती उठली आणि आम्ही दोघांनी सुरू केलं. आधी नुसती कुरकुर. मग तक्रार. मग असं लाडीगोडीचं बोलणं की मास्तरांच्या भुवया वर गेल्या. जावयाला उकडलं, त्यानं कोटाचं बटण सोडलं. जमत होतं, मित्रांनो, जमत होतं!

तेवढ्यात बारक्या स्टेजवर. दांडीसकट.

"दे तो इकडं! मागचं बेसिन तुंबून वाहतंय, पाणी वायरींकडं चाललंय. शॉक लागून मराल सगळे!"

ताईनं वाजवता वाजवता डोळ्यांनीच त्याला शिवी घातली. पण बारक्यानं मला हिसकलं, कचकन दांडी बसवली आणि पडद्यामागं पळाला.

आता बँडनं काय करावं? रीत म्हणजे रीत. माणूस पुढं आला, म्हणजे त्याची पाळी. मास्तरांनी हात वर केला. सगळे थांबले, एकटा ड्रमवाला हळूच ठेका धरून राहिला. पडद्याकडं बघून मास्तर म्हणाले, "घे बाबा."

घेतली की मग! भुळुक. भुळुक. भुळ्ळ... भुळुक! बारक्याला तालातलं ओ की ठो कळत नाही, पण कानावर ड्रम पडला आणि त्याचे हात आपोआप त्यावर चालायला लागले. शेवटी बेसिननं एक दणदणीत ढेकर दिला. मग टाळ्यांचा नुसता पाऊस. डॉक्टरांनी चक्क डोळे उघडले. "हा कलावंत इतके दिवस होता कुठं?"

मोरीखाली. दुसरं कुठं असणार!

बारक्या बाहेर आला, गुडघ्यापर्यंत भिजलेला. लोक ओरडायला लागले, "पुन्हा! पुन्हा!" त्याचा चेहरा फुलला. मग त्यानं ताईकडं बघितलं. ती मोकळा ट्रॉम्बोन घेऊन उभी होती, ओठ घट्ट मिटून. तिची पाळी तो खाऊन बसला होता. जावई खुर्चीतून अर्धा उठलाच होता.

बारक्यानं दांडी उपटली. मला स्वतःच्या इस्त्रीच्या शर्टाला पुसलं. एकुलता एक शर्ट, मित्रांनो! "घे, तायडे. वाजव. मी बघतो कोण मधे येतो ते."

तिनं मला भोंग्यावर धरलं. माझ्यात अजून थोडं पाणी होतं. तिनं तो बेसिनचा ढेकरच उचलला, वाकवला, लांबवला, त्याला हसवलं, मग असं रडवलं की ड्रमवाला ठेका चुकला. माझ्या आत पाणी खुळखुळत होतं आणि ट्रॉम्बोन हुंदके देत होता. असा आवाज नवं रबर सात जन्मात काढणार नाही. मी काढला!

संपलं तेव्हा टाळ्या थांबेनात. मास्तर ताईला म्हणाले, "उभी काय राहिलीस? तुझी खुर्ची आहे, बस की." जावयानं बटण लावून टाकलं.

बारक्यानं आता स्वतःला नवा पंप आणलाय. मोरी काढता काढता गिऱ्हाइकाला सांगतो, "टाळ्या नकोत, काम आहे." डोक्यात गेलंय त्याच्या! पण आठवड्यातून एकदा मला तो स्वतः धुतो, सावलीत वाळवतो. कारण उन्हात टाकलं की रबर तडकतं. तुमच्या घरात माझा कुणी भाऊबंद मोरीमागं पडला असेल तर त्यालाही धुवा. घाण त्याची नसते, तुमची असते. आणि जुना झाला म्हणून फेकू नका, मऊ व्हायला आम्हाला वर्षं लाग... थांबा, ताईची पाळी आली, ती उठली. चला, मला निघायला पाहिजे.