आम्हाला तोडायचं नाही, असंच लिहा

मी एक जुनी फिरती खुर्ची आहे. कुरकुरते, हे आधीच सांगते. ज्यांना आवाज खटकतो त्यांनी खुशाल उभं राहावं.

मित्रांनो, माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. एका वेल्डरने माझे पाच पाय जोडले आणि त्याच्या बहिणीने माझ्यावर निळं रेक्झिन ताणून बसवलं. "जागची हलणार नाही बघ," असं ती म्हणाली. फिरत्या खुर्चीला हा आशीर्वाद! पहिली सात वर्षं मी कुटुंब न्यायालयाच्या वरच्या मजल्यावर मोठ्या साहेबांकडे होते. तेव्हा रोज माझी पुसापुस व्हायची. मग रेक्झिन फाटलं, साहेबांना नवी खुर्ची आली आणि माझी रवानगी खाली न्यायाधीशबाईंच्या आतल्या खोलीत झाली.

आईवडील वेगळे झाले की बाई त्यांच्या मुलांशी या खोलीत बोलतात. आईवडील बाहेर बाकावर बसतात आणि मुलं माझ्यावर. बोलता बोलता ती माझं फाटलेलं रेक्झिन उकरतात. उकरू देत.

इथले कारकूनकाका मनाने वाईट नाहीत, पण त्यांना एक खोड आहे. मुलांचं बोलणं कागदावर उतरवताना ते त्याला इस्त्री करतात. 'मला तिकडे भीती वाटते' असं कोणी म्हणालं की काका लिहितात, 'अपत्याने नाराजी व्यक्त केली.' माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो. पण खुर्चीचं कोण ऐकतंय?

एका मंगळवारी अकरा वर्षांची एक मुलगी माझ्यावर येऊन बसली. तिचा पाच वर्षांचा भाऊ ढब्बू बाहेर आईच्या मांडीवर होता. आईबाबा दोघेही समंजस. भांडण नको, कुणावर अन्याय नको, म्हणून त्यांनी आपसांत ठरवून टाकलं होतं, एक मूल तुला, एक मला. मुलगी आईकडे, ढब्बू दुसऱ्या गावी बाबांकडे. भांडीकुंडीही त्यांनी अशीच वाटली होती. सह्या झाल्या होत्या. मुलीला विचारायचं तेवढं उरलं होतं.

"आईकडे राहायला आवडेल ना, बाळ?" काकांनी पेन उघडता उघडता विचारलं.

"आणि ढब्बू?"

"तो बाबांकडे. तसं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

"तुझ्या आईबाबांनी."

"मग मला कशाला बोलावलंत?"

शाब्बास गं पोरी! न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बोल," त्या म्हणाल्या. "तुझं काय म्हणणं आहे?"

"आईकडे पाठवा, बाबांकडे पाठवा, नाहीतर आठवडा इकडे, आठवडा तिकडे. बॅगा मी भरेन. पण आम्हाला तोडायचं नाही. ढब्बूला माझ्या वेणीचं टोक धरल्याशिवाय झोप येत नाही. आणि..." तिने वेणी पुढे ओढली. "आणि मलाही येत नाही."

काकांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं, "अपत्यास भावाविषयी ओढ असल्याचे दिसून येते."

"मी असं बोललेच नाही!"

"अगं, सरकारी कागदावर असंच लिहितात."

"मग मी उठणारच नाही." तिने माझे दोन्ही हात घट्ट धरले. मीही माझी पाचही चाकं फरशीत रोवली. खोटं वाटत असेल तर वाटू दे.

"काका, खोडा ते," बाई म्हणाल्या. "तिचे शब्द जसेच्या तसे लिहा." मग त्या मुलीकडे वळल्या. "पण निकाल मी देणार हं. सगळं तुझ्या मनासारखं होईल, असं वचन देत नाही."

"चालेल. पण आईबाबांना ते मोठ्याने वाचून दाखवा."

दोघांना आत बोलावलं. काका वाचू लागले, आणि वेणीची ओळ त्यांनी कुणी न सांगताच दोनदा वाचली. बाबा खाली मान घालून म्हणाले, "आम्हाला वाटलं, वाटणी समान झाली."

"आम्ही काय ताटल्या आहोत?" मुलगी म्हणाली.

आईने सह्यांचा कागद पुढे ओढला, वाटणीच्या ओळीवर काट मारली आणि पेन बाबांसमोर धरलं. बाबांनी बराच वेळ लावला. पण मारली.

दोन आठवड्यांनी निकाल लागला. दोघं भावंडं एकत्र, शाळा असताना आईकडे आणि सगळ्या सुट्ट्यांत बाबांकडे. बाबा इतके दिवस भेटणार नाहीत म्हणून मुलगी रडली, बाईंवर चिडलीसुद्धा. पण जाताना ढब्बूचा हात तिच्या हातात होता.

मित्रांनो, आता रिवाजाप्रमाणे मी म्हणायला हवं, मला तेल घाला, माझी निगा राखा. माझं राहू दे. तुमच्याविषयी काही ठरत असेल तर आत शिरा. दार बंद असलं तर वाजवा, उघडेपर्यंत वाजवा. 'लहान आहेस, तुला काय कळतं,' असं कोणी म्हणालं तर सांगा, 'मला कोण लागतं, एवढं नक्की कळतं.'

आणि मोठ्यांनो, तुमचं पटलं नाही, तुम्ही वेगळे झालात, त्यात मी पडत नाही. पण मुलांचं ठरवताना आधी मुलांना विचारा. सह्या मागून करा.