गल्लीच्या तोंडाशी आडवा बांबू

मित्रांनो, मी एक जुना बांबू आहे. जुना आणि अर्धा. उरलेला अर्धा कुठे गेला तेच सांगणार आहे, पण माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

माझं सगळं आयुष्य मरोळच्या एका चाळीच्या गल्लीत गेलं. गणपतीत काशीराम मला मांडवाच्या पुढच्या बाजूला उभा करायचा. तो मूळचा मालवणकडचा, औद्योगिक वसाहतीत वॉचमन. काथ्या भिजवून अशी गाठ मारायचा की वाळल्यावर ती आणखी आवळायची. माझ्या अंगावर झेंडूच्या माळा चढायच्या आणि लोक म्हणायचे, "मांडव झकास झाला!" उरलेलं वर्ष मी गटाराच्या कडेला पडून असायचो. त्याचा मला कधी राग आला नाही.

मग करोना आला. एकाच्या श्वासातून दुसऱ्याच्या श्वासात असा जगभर पसरत आला. डोक्यावरून जाणारी विमानं थांबली, कारखाने थांबले आणि गल्लीतल्या माणसांना माणसांचीच भीती वाटू लागली. मंडळाचा अध्यक्ष राजेश म्हणाला, "काशीकाका, बांबू टाका आडवा. बाहेरचा एकपण माणूस आत नाय पायजे."

काशीरामने मला गल्लीच्या तोंडाशी, कमरेएवढ्या उंचीवर बांधलं. मांडव बांधायचा तसंच, जीव ओतून.

मी आडवा झालो आणि यांना वाटलं, रोग अडला! अहो, गल्लीतलेच लोक माझ्यावर कोपरं टेकून गप्पा मारायचे, मास्क हनुवटीवर. राजेश सगळ्यांत पुढे. तो खोकला तेव्हा मी तिथेच होतो. "सर्दी आहे रे साधी," म्हणाला, आणि त्याच तोंडाने दूधवाल्याला हाकलून दिलं. आठवड्याभरात निम्मी गल्ली तापाने फणफणली. सगळे गोळ्या गिळून घरात गप्प बसले.

काशीरामच्या बायकोला, प्रेमाला, मात्र धाप लागली. ॲम्ब्युलन्स आली. प्रेमा माझ्याखालून वाकून, भिंतीचा आधार घेत बाहेर गेली. एवढ्या माणसांत मला बाजूला करायचं कोणाला सुचलं नाही. वर रोग तिनेच आणला असं ठरवून सगळे मोकळे झाले. समोरच्या शकुने वर्षानुवर्षं प्रेमाच्या हातची कुळथाची पिठी खाल्ली होती. तिनेही काशीरामच्या तोंडावर खिडकी लावून घेतली. मला या लोकांची शिसारी आली.

प्रेमा बरी होऊन परतली ती हातात पिशवी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"काकी, अजून थोडे दिवस कुठेतरी राहा ना," राजेश लांबूनच ओरडला. "गल्लीची वाट लागेल!"

"कुठेतरी म्हणजे खंय?" प्रेमाने विचारलं.

काशीराम धावत आला आणि गाठ सोडायला लागला. उन्हाने ती दगडासारखी झाली होती. त्याची नखं तुटली, बोटांतून रक्त आलं. गल्ली नुसती बघत होती.

"माझीच गाठ, माकाच सुटणा नाय," तो रडवेला होऊन म्हणाला. मग हळूच म्हणाला, "वाकान ये गो."

"जाताना वाकलंय. आता वाकूचंय नाय. चोर आसंय काय मी?"

काशीराम घरात गेला आणि कोयता घेऊन आला. राजेश घाबरून मागे सरला. पण कोयता माझ्यावर पडला. पुन्हा पडला. दुखलं मला, खोटं कशाला बोलू? पण मी तुटलो तेव्हा फार बरं वाटलं. प्रेमा ताठ मानेने मधून चालत घरी गेली.

माझा एक तुकडा गल्लीने जाळून टाकला, म्हणे त्याला प्रेमाचा हात लागला असेल. तिने मला बोटसुद्धा लावलं नव्हतं. दुसरा तुकडा म्हणजे मी. तिच्या दारात कपडे वाळत घालायला टांगलेला असतो.

आता लोक सगळं विसरले आहेत. परवा शकु म्हणाली, "झालं गेलं सोड ना गं." प्रेमा तिच्यासमोर ओली चादर माझ्यावर पसरून आत गेली. राजेश मांडवाचं विचारायला आला, तेव्हा काशीराम एवढंच म्हणाला, "माका आता गाठ मारूक जमणा नाय."

मित्रांनो, पुन्हा साथ आली तर तोंडावर मास्क नीट लावा, हात धुवा, ताप लपवू नका. मला मात्र वाटेत आडवा बांधू नका. आणि बांधायचाच झाला, तर गाठ आवळण्याआधी एकदा मागे वळून बघा, आपल्यातलं सगळ्यात आधी कोण बाहेर राहणार आहे.