वाचनालयाच्या रॅम्पची कैफियत

मित्रांनो, तुम्ही मला घसरगुंडी म्हणता. शाळा सुटली की रिकामं पोतं घेऊन येता, माझ्या माथ्यावर बसता आणि ओरडत खाली येता. तुमच्यावर माझा राग नाही. पण आज माझी नीट ओळख करून घ्या. मी एक जुना रॅम्प आहे. कडेगावच्या अलीकडे, डांबरी सडकेला लागून जे सार्वजनिक वाचनालय आहे, त्याच्या दारात मी पसरलेला आहे. ज्यांचे गुडघे वाकत नाहीत, जे चाकांच्या खुर्चीवरून फिरतात, त्यांना आत जाता यावं म्हणून मला बांधलं. आणि बांधल्यापासून आजवर असा एकही माणूस माझ्यावरून आत गेलेला नाही.

सुभेदार लालासाहेब फौजेतून निवृत्त होऊन गावी आले आणि वाचनालयाचे अध्यक्ष झाले. माणूस शिस्तीचा आणि मनाने मोठा. त्यांनी नवी कपाटं आणली, पंखे बसवले, वर्तमानपत्रं वाढवली. मग एक दिवस म्हणाले, "पाहुणं येत्यात आणि रॅम्प कुठं हाय म्हणून विचारत्यात. आपल्याला रॅम्प पायजे. आणि असा पायजे, की सडकेवरनं दिसला पायजे."

वाचनालयाचं जोतं अडीच फूट उंच. ओसरीसमोर चौदा फुटांवर झेंड्याचा कट्टा. मी ओसरीपासून सुरू झालो आणि कट्ट्यापुढे वाट सोडून दहा फुटांत संपलो. माझी लांबी अशी ठरली. माझ्यावरून जे जाणार होते, त्यांच्याकडे पाहून ती कुणीच ठरवली नाही. भिंतीच्या कडेने वळवलं असतं, तर मला हवी तेवढी जागा मिळाली असती. पण मग मी सडकेवरून दिसलो नसतो.

सिमेंट वाळल्यावर कुणीतरी शंका काढली, "सुभेदार, लय उभा वाटतोय. खुर्ची चढंल का ह्येच्यावर?"

"न चढायला काय झालं? थांबा, आत्ता दावतो."

सुभेदार घरी गेले आणि बुलेट घेऊन आले. पहिला गिअर टाकला आणि धडधडत थेट ओसरीवर. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"बघितलंसा?" सुभेदार वरून म्हणाले. "एवढं धूड चढलं. खुर्ची काय चीज हाय!"

यातली चूक तुमच्या ध्यानात येते का? बुलेटला इंजिन असतं. खुर्चीला बसणाऱ्याचे दोन हात असतात. पण त्या दिवशी हे कुणालाच सुचलं नाही. माझ्या पायथ्याशी सुभेदारांच्या नावाची पाटी बसली आणि पेढे वाटले गेले.

पुढची वर्षं माझ्या कौतुकाची होती. येणारा प्रत्येक पाहुणा माझ्याकडे बोट दाखवून म्हणे, "वा, अपंगांची सोय केलीय!" आणि शेजारच्या पायऱ्यांनी वर जाई. पुढे एका देणगीदाराने माझ्या अंगावर गुळगुळीत फरशी बसवून दिली. मी चकाकू लागलो आणि आणखी निरुपयोगी झालो. माथ्यावर शोभेच्या कुंड्या आल्या. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉलीचा धक्का लागून माझा एकुलता एक कठडा वाकला, तो तसाच राहिला. दुपारी सावलीसाठी पोरं मोटारसायकली माझ्यावरून ओसरीत चढवत. मी कामाचा होतो तो एवढाच.

बनुबाई नावाच्या आजी रोज पेपर वाचायला येतात. त्यांचे दोन्ही गुडघे धरलेले आहेत. एकदा त्यांनी माझ्यावर पाऊल ठेवलं, काठी सरकली आणि त्यांनी पाऊल मागे घेतलं.

"ही पोरांची घसरगुंडी पोरांस्नीच ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या, "आमच्या पायऱ्याच बऱ्या." आणि भिंतीला धरून एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत वर गेल्या. ज्यांच्यासाठी मी जन्मलो, त्या मला टाळून पायऱ्या चढतात हे बघताना काय वाटतं, ते शब्दांत सांगता येणार नाही.

सुभेदारांची मुलगी संयोगिता. कराडला सिव्हिल इंजिनीअर झाली आणि तिथेच एका वास्तुरचनाकाराच्या ऑफिसात लागली. गावात मोबाइलला नीट रेंज मिळते ती फक्त माझ्या कठड्यापाशी. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी ती वही घेऊन माझ्यावर येऊन बसे, फोन स्पीकरवर ठेवी आणि शमशाद मॅडमशी बोले. शमशाद मॅडम कराडच्या. लहानपणापासून त्या व्हीलचेअर वापरतात. इमारत असो की वेबसाइट, ती प्रत्येकाला वापरता यावी, या शास्त्राला सुगम्यता म्हणतात. मॅडम त्यातल्या तज्ज्ञ. या विषयाच्या व्यावसायिक प्रमाणपत्र परीक्षा असतात, त्या मॅडमनी दिलेल्या होत्या. संयोगितालाही त्यातली एक द्यायची होती आणि मॅडम तिला मार्गदर्शन करत होत्या.

कुठली परीक्षा द्यायची, इथेच तिचं गाडं अडलं होतं. एक सर्वसाधारण तत्त्वांची, एक वेबसाइटची, एक इमारतींची.

"वेबसाइटची दिली तर पुण्यातलं काम घरबसल्या मिळेल, असं सगळे म्हणतात," संयोगिता म्हणाली.

"सगळे म्हणतात ते राहू दे. तू चिडतेस कशावर, ते सांग."

"म्हणजे?"

"अगं, अभ्यासाला चीड लागते. नुसत्या हौसेनं एवढी पानं वाचून होत नाहीत."

संयोगिताने वहीचं पान उलटलं. मग म्हणाली, "परवा एका हाडांच्या दवाखान्यात गेले होते. दाराला सात पायऱ्या. पाय प्लॅस्टरमध्ये घातलेली माणसं बसून बसून पायऱ्या उतरत होती. डोकं फिरलं माझं."

"मग झालं तर. इमारतींची दे."

अशी निवड झाली. अभ्यास सुरू झाला आणि माझ्या दुर्दैवाचा नवा अध्यायही. ती मोठ्याने वाची आणि मी ऐके. एक फूट चढायला रॅम्पची लांबी निदान बारा फूट हवी. पृष्ठभाग ओला असला तरी घसरता कामा नये. कठडा दोन्ही बाजूंना हवा. वर आणि खाली खुर्ची वळवायला मोकळी सपाट जागा हवी. मित्रांनो, एकेक वाक्य माझ्याबद्दल होतं. मला तीस फूट लांबी हवी होती आणि मी दहा फुटांत गुंडाळलेला होतो. लोक का येत नाहीत, हे कोडं मला इतकी वर्षं सुटलं नव्हतं. ते माझ्याच पाठीवर बसून कुणीतरी सोडवत होतं, आणि खाली मात्र बघत नव्हतं.

मॅडमनी तिला सराव दिला होता. आसपासची एकेक इमारत तपासायची, काय चुकलंय ते लिहायचं आणि बांधणाऱ्याला ते कसं सांगणार, हेही लिहायचं. संयोगिताने कराडची दुकानं तपासली, एक मंगल कार्यालय तपासलं, औंधला यमाईच्या दर्शनाला गेली तेव्हा वाटेतलं एक हॉटेल तपासलं. ती फार बारकाईने काम करी. चढ मोजायचं ॲप फोनमध्ये, टेप पिशवीत. तो टेप माझ्या अंगावर पडून असे. मला तिने कधी लावला नाही. मला वाटे, आता तरी, आज तरी. माझं सगळं आयुष्य त्या एका मापासाठी अडून राहिलं होतं. पण ती वही मिटे, पायथ्याच्या पाटीवरून नजर फिरवी आणि घरी जाई.

परीक्षा जवळ आली तेव्हा मॅडम फोनवर म्हणाल्या, "एकदा समोरासमोर बसू. तुमच्या वाचनालयातच येते. आत जायची सोय आहे ना?"

संयोगिता काही बोलायच्या आत मागून सुभेदारांचा आवाज आला, "हाय की! रॅम्प हाय, एकदम पक्का! बिनघोर या, मॅडम!"

संयोगिता गप्प बसली. तो गप्पपणा मी अजून विसरलेलो नाही.

बाजूला दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवरून मॅडम आल्या. घडीची खुर्ची उघडून तिच्यात बसल्या. मान वर करून त्यांनी मला एकदा नीट पाहिलं. हात चाकांवर ठेवले आणि जोर लावला. मी जीव मुठीत धरून होतो. आयुष्यात पहिल्यांदा चाकांची खुर्ची माझ्यावरून वर येत होती. चार फूट आल्या आणि फरशीवर चाकं सरकायला लागली. पुढची दोन्ही चाकं हवेत उचलली. संयोगिताने मागून खुर्ची छातीशी धरली म्हणून बरं. मला हात नाहीत. मी फक्त उतार होऊन पडून राहिलो.

"आवं, थांबा थांबा!" सुभेदार धावत आले. "चार पोरं बोलावतो, अल्लाद उचलून आत ठेवतो."

"नको, काका," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "उचलून न्यायला मी कपाट नाही."

सुभेदार ओशाळून चहा सांगायला गेले. मॅडमनी खुर्ची खाली सपाटीवर घेतली. तळहात सोलवटले होते, ते त्यांनी रुमालाने पुसले.

"हा मोजला होतास?"

"हो," संयोगिता म्हणाली. "नजरेनंच. अभ्यासाच्या पहिल्या दिवशी."

"मग मला बोलली का नाहीस?"

"आबांनी बांधलाय, मॅडम. मनापासून बांधलाय."

"मनापासून बांधलेल्यावरनंच आत्ता मी उताणी पडले असते." मॅडमच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "तू पास होशील गं. हुशार आहेस. पण परक्याच्या चुका मोजणं सोपं असतं. पुढचा तास आपण वरती वाचनालयात बसून घेऊ, माझी मी वर येऊ शकेन तेव्हा. तोवर तुझी तू वाच."

आणि त्या गेल्या. चहा तसाच निवला.

त्या संध्याकाळी संयोगिताने माझ्यापाशी उभं राहून वडिलांना सांगायचा प्रयत्न केला. "आबा, रॅम्प चुकलाय."

"चुकलाय? बुलेट चढती की माझी!"

"बुलेटचं नाही म्हणत मी."

"त्या बाईंची सवय गेली असंल. वाकलेला कठडा तेवढा सरळ करून घेतो, मग तर झालं?"

ती वही उचलून घरी निघून गेली. मला संताप आला. अभ्यासात एवढा काटेकोर असलेला तिचा आवाज वडिलांपुढे नेमका कुठे जातो?

पुढचे दिवस तिने एकटीने अभ्यास केला आणि ती पास झाली. गावात फलक लागला, 'गावची कन्या'. सत्काराचं व्यासपीठ कुठे घातलं असेल? वाचनालयाच्या ओसरीवर. माझ्यावर लाल गालिचा अंथरला. प्रमुख पाहुण्या शमशाद मॅडम. त्या आल्या आणि माझ्या पायथ्याशी थांबल्या. माईकवरून पुकारा झाला, "प्रमुख पाहुण्यांनी व्यासपीठावर यावं!" बाह्या सरसावत चार पोरं पुढे झाली. मॅडमनी नुसता हात वर केला. पोरं थबकली.

वर बसलेली संयोगिता उठली. पायऱ्यांनी खाली आली आणि मॅडमच्या शेजारी उभी राहिली. तिने माईक खाली मागवून घेतला.

"मी इमारती तपासायची परीक्षा पास झाले, म्हणून हा सत्कार आहे. माझ्या गावातली एक इमारत मी अजून तपासलेली नव्हती. आज सांगते. हा रॅम्प चुकीचा आहे. लांबी हवी त्याच्या एक तृतीयांश आहे. यावरून कुणी आत जाऊ शकत नाही, आणि प्रयत्न केला तर पडेल. तो माझ्या वडिलांनी बांधलाय. आबा, माझा हार खाली घेऊन या. मी वर येणार नाही."

पहिल्या रांगेतून बनुबाईंचा आवाज आला, "मी तर कवाचीच म्हणतीय!" कुणीतरी हसू दाबलं.

सुभेदार हार घेऊन उतरले. चेहरा लाल झालेला. मुलीसमोर उभे राहिले. मग माईककडे वाकून म्हणाले, "फौजेत वरच्या सायबानं चूक काढली तर सॅल्यूट मारायचा असतोय. हितं पोरीनं काढली. आता काय मारायचं, कुणीतरी सांगा."

लोक हसले, टाळ्या वाजल्या. हार मातीत उभ्या असलेल्या संयोगिताच्या गळ्यात पडला. मॅडम तिला म्हणाल्या, "आज पास झालीस." मला वाटलं, उद्या माझ्यावर पहार पडणार. त्या रात्री मी सुखाने झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोण आलं असेल? रंगारी! सुभेदारांनी पाठवलेला. वर पिवळे पट्टे मारायचे आणि खाली 'सावकाश चढा' असं लिहायचं. संयोगिताने त्याला परत पाठवलं. पुढच्या महिन्यात तो पुन्हा आला, तिने पुन्हा परत पाठवलं. मग समितीची बैठक झाली आणि पुढच्या बैठकीत ठरवायचं असं ठरलं. आता म्हणतात, गळीत हंगाम संपला की गवंडी मोकळे होतील. सुभेदार भिंतीच्या कडेची जागा पावलांनी मोजून जातात, मान हलवतात, माझ्या पाटीवरची धूळ पुसतात आणि घरी जातात. शमशाद मॅडमचा पुढचा तास अजून झालेला नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपलं आयुष्य सांगतात आणि शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला पुसू नका, रंगवू नका, माझ्यासोबत फोटो काढू नका. मला फोडा. घरी जाऊन मोठ्या माणसांना सांगा, पुन्हा पुन्हा सांगा, कंटाळा येईपर्यंत सांगा. माझं वाईट वाटून घेऊ नका. संयोगिता म्हणाली आहे, माझी सगळी खडी नव्या लांब रॅम्पच्या भरावाला चालेल. मग मी त्याच्या पोटात असेन, कुणाला दिसणार नाही. पण आत जाणाऱ्या चाकांचं वजन मला कळेल.