घरचं स्वप्न

नुन्झियाने तिसऱ्या मजल्यावरून पावासाठी टोपली खाली सोडली आणि पहिल्या मजल्यावर, डोना इम्माच्या खिडकीपाशी, मुद्दाम अडवली. गल्लीत पाववाला तोंड वर करून उभा. राहू दे उभा. खिडकीतून आपल्या नवऱ्याचा, कातेल्लोचा आवाज येत होता.

“घोडा पांढरा की काळा, डोना इम्मा?”

“पांढरा. आणि मी वर अनवाणी.”

“अनवाणी! वा!”

ही विधवा रोज सकाळी कॉफीबरोबर स्वप्न वाढायची, आणि नुन्झियाचा नवरा स्वप्नातल्या प्रत्येक गोष्टीला आकडा देणाऱ्या पुस्तकात बघून त्याचे लॉटरीचे आकडे काढायचा. सगळं नेपल्स काढतं म्हणा. पण कातेल्लोने त्यापायी मासळीचं दुकान घालवलं. त्या दिवसापासून नुन्झियाने आपलं एकही स्वप्न त्याला सांगितलं नव्हतं. दोन वर्षं. घरात सोनं उरलं होतं ते तिच्या वारलेल्या आईचे झुमके, रव्याच्या डब्यात दडवलेले.

कातेल्लो वर आला.

“उतरलास घोड्यावरून?”

“अगं, आकड्यांपुरतं असतं ते.”

“तिच्या तंगड्यांचा आकडा कोणता रे? सत्याहत्तर ना?”

तो खो खो हसला आणि बूट बदलायला वाकला.

“काल आई आली होती माझ्या स्वप्नात,” नुन्झिया म्हणाली. रात्रभर तिचा डोळाही लागला नव्हता.

बूट तसाच राहिला. कातेल्लो खुर्ची ओढून गुडघ्याला गुडघा लावून बसला. लग्नाआधी बसायचा, तसा.

“बोलली?”

मेलेलं माणूस गप्प राहिलं तर सत्तेचाळीस, बोललं तर अठ्ठेचाळीस. इथे पोराटोरांनाही पाठ असतं.

“बोलली की. किती वेळ बोलत होती.”

“अठ्ठेचाळीस!” त्याने तिच्या कपाळाचा मुका घेतला आणि एका बुटावरच जिना उतरला. आई काय बोलली, ते विचारायचं राहिलंच.

“अहो कातेल्लो, घोड्याचं अर्धं राहिलंय!” खालून इम्मा.

“आज नको, डोना इम्मा! आज घरचं आहे!”

नुन्झिया आरशासमोरून जाताना थांबली. केस नीट केले.

“नुन्झिया!” आता तो गल्लीतून ओरडत होता. “खिसा रिकामा आहे गं! काही आहे का?”

तिने कोपरापर्यंत हात रव्यात घातला.

पाववाला केव्हाच निघून गेला होता. रिकामी टोपली तिने वर ओढून घेतली. मग ती पुन्हा हळूहळू खाली गेली आणि पहिल्या मजल्यावर थांबली. डोना इम्माने खिडकीतून मान बाहेर काढली.

नुन्झियाने तिला झुमके नीट बघू दिले. मग दोरी सोडली.