नात्याचा रकाना

होणाऱ्या जावयाला आपल्याच बोटीवर घ्यायचं नसतं. मी घेतला. उमेर पूर्णगडचा, माझ्या महरीनशी त्याचा साखरपुडा झालेला, ईदनंतर निकाह. मला मामू म्हणायचा. जाळ्यावर हात बसलेला. म्हटलं, दुसऱ्याच्या ट्रॉलरवर कशाला राबेल? मी तांडेल, बोटीचा कप्तान, आहेच की.

दोन हजार सहा साल. जाळं ओढताना दोरी तुटली नि तिचं टोक फटकन त्याच्या दोन पायांच्या मधे बसलं. मी सुकाणूवर, मला दिसलं नाय. धावत गेलो तर हा दुमडून पडलेला.

"कुठं लागलं रे?"

"मांडीत, मामू. काय नाय."

आमच्यात होणारा जावई सासऱ्यासमोर पाय पसरून बसत नाय, बिडी ओढत नाय. तो ही जागा कशी सांगेल? आणि मी बिनडोक, मांडीला तेल चोळलं! वर टोमणा मारला, "असा काय चालतोस? तुझी होणारी सासू तुझ्यापेक्षा झरझर चालते." खलाशी हसले. तोपण हसला.

तिसऱ्या दिवशी केरू खलाशाने त्याला बर्फाच्या खणात लपून बर्फ लावताना पाहिलं, माझ्या कानात सांगितलं. तशीच बोट वळवली. मिरकरवाड्याच्या बंदराला लागायला आणखी एक दिवस गेला.

मुंबईचा एक डॉक्टर तेव्हा रत्नागिरीत आठवड्यातून एकदा यायचा. म्हणाला, "सूज एवढी आहे की सोनोग्राफीतपण नीट दिसेना. फार कापत नाही. बारीक भोक पाडून दुर्बीण घालतो. आतली गोटी जिवंत असली तर वाचवू."

कमरेत भुलीची सुई दिलेली, उमेर जागाच होता. थोड्या वेळाने मला दारापाशी बोलावलं. आत टीव्हीवर दिसत होतं. जन्मभर कल्ले उघडून ताजा-शिळा मासा ओळखला मी. ते काळं बघून मला कोणी सांगावं लागलं नाय.

"डावी काढावी लागेल," डॉक्टर म्हणाला. "उजवी चांगली आहे, एकीवरपण मुलं होतात. पहिल्याच दिवशी आणला असतात तर..."

सिस्टरने कागद पुढे केला. "पेशंटचे कोण तुम्ही?"

सासरा म्हणायला तोंड उघडलं, नि महरीन डोळ्यांसमोर आली. वाड्यातली माणसं आली, त्यांची कुजबुज आली.

"तांडेल," मी म्हटलं. "बोटीचा तांडेल."

तिने नात्याच्या रकान्यात तेच लिहिलं. मी खाली सही केली. तेवढी येते मला. दार उघडंच होतं.

संध्याकाळी त्याच्या खाटेशी बसलो. माफी मागायची होती, नुसती चादर सारखी करत राहिलो. तो छताकडे बघत होता.

"तांडेल," तो म्हणाला, "जरा पाणी देता?"

चौथ्या दिवशी पूर्णगडहून साखरपुड्याची अंगठी परत आली. पूर्णगडला दोनदा गेलो. त्याच्या आईने चहा दिला, तो मागच्या दाराने खाडीकडे निघून गेला. मग मस्कतला गेला.

महरीनला वाटतं, त्याने तिला नाकारली. मी अजून तिला खरं सांगितलेलं नाय.