मेजावरची सुपारी

‘शेतकरी पहाटे उठला, पूर्णविराम. बैलांना चारा घातला, स्वल्पविराम, औत खांद्यावर घेतले, पूर्णविराम. नाना, ऐकी ऱ्हायनात ना?’

हा आवाज ऐकून किती उन्हाळे लोटले, पण माझ्यातून तो जात नाही. मला कान कुठले, असे म्हणाल. पण लाकडाचे सगळे अंगच कान असते.

मित्रांनो, मी एक जुने लिहिण्याचे मेज आहे. बैठे मेज. मला खुर्ची लागत नाही. माणूस माझ्यासमोर मांडी घालून बसतो आणि माझी उतरती पाठ त्याच्या छातीशी येते. आज मी नंदुरबारच्या एका वखारीत मिरचीच्या पोत्यांखाली पडून आहे. पोती उचलणारा पाय माझ्यावर देतो, चढतो, उतरतो. त्याचे मला वाईट वाटत नाही. ओझे पेलणे हा लाकडाचा धर्मच आहे. पण ज्या पाठीवर अक्षरे तपासली गेली, तिच्यावरून कुणी फडके फिरवीत नाही, याचे वाटते.

माझा जन्म नवापूरचा. डोंगरातला साग, आणि त्याला हात पौलस मिस्त्रीचा. कामाच्या वेळी तो गाणे गुणगुणायचा. देवळातले की शेतातले ते कळत नसे, पण रंधा त्याच्या तालावर चाले. मग मी आगगाडीच्या डब्यातून नंदुरबारला आले, हिलाल मास्तरांच्या घरी.

मास्तर तेव्हा शाळेत शिकवीत. तापाची मोठी साथ आली, शाळा बंद झाली, आणि ती त्यांच्यापुरती बंदच राहिली. मग त्यांनी घरीच काम मांडले. एका दूरच्या छापखान्याची पुस्तके छापून होण्याआधी त्यांच्याकडे तपासायला येत. त्या कच्च्या छापील पट्ट्यांना प्रुफे म्हणतात. गाडीने पुडके यायचे, तपासून झाले की गाडीनेच परत जायचे. मधल्या वेळात मास्तर लोकांचे अर्ज लिहून देत, लग्नपत्रिकांचा मजकूर सांगत आणि मंगलाष्टके रचून देत. कुणाच्या लेकीचे नाव, तिच्या गावाची नदी, मामाचे कूळ, सारे ते अशा गोडीने गुंफीत की अक्षता टाकणाऱ्या बायका पदर डोळ्यांना लावीत.

पुरुषमाणूस दिवसभर घरात बसतो, हे मात्र गल्लीला पचत नसे. मास्तरांची बायको धनुबाई विहिरीवर गेली की कुणीतरी खडा टाकायचेच. आमचे गडी कामावर जातात, तुझा घरधनी चूल राखतो का, असे एकीने विचारले. धनुबाईने घागर भरता भरता उत्तर दिले, ते तिने घरी येऊन मास्तरांना सांगितले, म्हणून मला ठाऊक.

‘मी सांगं, तुम्हना गडी भांडनं करी येतस, नि अर्ज लिव्हाले मन्हाच घर येतस.’

हळूहळू गल्लीचा सूर पालटला. छापलेल्या कागदातली एवढीशी चूकही मास्तरांच्या नजरेतून सुटत नाही, असा लौकिक झाला. लोक पत्रिका दाखवायला येत, दस्त दाखवायला येत. पुढे पुढे तर म्हशी आणि जावईही दाखवायला आणू लागले. मास्तरांनी मान हलवली की सौदा पक्का. मला तेव्हा अभिमान वाटे. आता वाटते, एखाद्याच्या नजरेवर गावाने एवढा भार टाकू नये.

मास्तरांना एकच लेक, फुलवंता. ती त्यांना नाना म्हणे. धनुबाईजवळ जात्यावर बसे तशी ती माझ्याजवळही बसे. तिला वाचायला मास्तरांनीच शिकवले. प्रुफे तपासायला दोघे लागतात: एकाने मूळ लिखाण मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने छापील कागदावर डोळा ठेवायचा. वाचणाऱ्याने विरामचिन्हेसुद्धा उच्चारायची. फुलवंता जात्यावरच्या ओवीच्या चालीत वाचायची. त्यामुळे शेतकीचे पुस्तक असो की आरोग्याचे, आमच्या घरात त्याचे गाणेच होई. शेजारणी म्हणत, हिलाल मास्तरच्या घरी रोज कथा चालते, पण प्रसाद काही मिळत नाही.

नंदुरबारला मिरचीचा हंगाम आला की वाऱ्यालाच तिखट लागते. पटांगणे लाल होतात, माणसे शिंकतात, डोळे पुसतात. त्या दिवसांत मास्तरांच्या डोळ्यांना धार लागली तर कुणाला नवल वाटले नाही. हंगाम संपला, इतरांचे डोळे निवळले. मास्तरांचे निवळले नाहीत.

मला ते आधी कळले. त्यांची मान रोज थोडी अधिक खाली येऊ लागली. श्वास माझ्या पाठीवर ऊन ऊन लागू लागला. मग एके दिवशी ते फुलवंताला म्हणाले, बाई, आता तू मूळही वाच आणि छापीलही वाच. मी नुसता ऐकतो. तुला शिकायला मिळेल. ती अक्षर न् अक्षर वाची, कुठे चूक आहे ते मास्तर सांगत, ती समासात खूण करी. काम बिनचूक जात राहिले. छापखान्याला शंका आली नाही. वैद्याकडे जा म्हटले तर मास्तर मिरचीला शिव्या देत आणि विषय बदलत.

एकदा फुलवंताने सहीसाठी कागद पुढे केला. मास्तरांनी तो उचलून डोळ्यांपुढे धरला, वरपासून खालपर्यंत मान फिरवली आणि म्हणाले, छान झाले आहे. कागद उलटा होता. फुलवंताने तो त्यांच्या हातातून हलकेच काढला, सरळ केला, पुन्हा माझ्यावर ठेवला आणि त्यांच्या बोटांत टाक दिला. पण त्या दिवशी तिच्या वाचण्यातली ओवीची चाल गेली ती गेलीच.

मुलगी विसाव्या वर्षाकडे झुकली होती. त्या काळी ही काळजीची गोष्ट. मास्तरांची बहीण प्रमिलाबाई स्थळे घेऊन यायची. आमच्याकडे लग्न ठरले की सर्वांसमक्ष सुपारी फोडतात. फुटलेली सुपारी पुन्हा सांधत नाही, तसा दिलेला शब्द मोडत नाही. पाहुणे सुपारी माझ्यावर ठेवीत. मास्तर ती बोटांत फिरवीत आणि पुन्हा ठेवून देत.

पहिल्या स्थळाचा मुलगा त्यांना चढ्या आवाजाचा वाटला. दुसऱ्या घरचे पाणी खारे निघाले. कुणी वाद घातला नाही. ज्याच्या नजरेतून कागदातली चूक सुटत नाही, त्याच्या नजरेतून माणसातली कशी सुटेल? प्रमिलाबाई मात्र कुरकुरली, ‘दादा, तुले जवाई पाहिजे का छापेल पुस्तक?’

तिसरे स्थळ जवळच्याच कोरीट गावचे. नथ्थू आप्पा म्हणून शेतकरी, जमीन काळी, घरात माणसांचा राबता. मुलगा रतिलाल. ते दिवेलागणीच्या थोडे आधी आले. उंबऱ्यात धनुबाईने पायली ठेवली होती, तिला रतिलालचा पाय लागला आणि धान्य सांडले. तो लाजला, खाली बसला आणि सांडलेले दाणे वेचू लागला. पाणी घेऊन आलेल्या फुलवंताला हसू आवरेना. तीही बसली आणि वेचू लागली. पायली भरत आली तरी दोघांचे दाणे काही संपत नव्हते. धनुबाईने ते पाहिले आणि मुकाट आत जाऊन गूळ काढला.

नथ्थू आप्पांनी सुपारी माझ्यावर ठेवली. मास्तरांनी ती उचलली. बराच वेळ फिरवली. मग त्यांनी सुपारी ठेवली आणि विचार करून कळवतो म्हणाले.

पाहुणे गेल्यावर त्यांनी बहिणीला सांगितले की मुलाला रातांधळेपणा आहे. दिवे लागायच्या वेळी त्याला उंबऱ्यातली पायली दिसली नाही. चुली पेटायच्या आत ती गोष्ट प्रमिलाबाईच्या तोंडून गल्लीत गेली, बाजाराच्या दिवशी गाड्यांबरोबर कोरीटला पोचली.

फुलवंता जेवायची, वाचायची, खुणा करायची. जात्यावर मात्र धनुबाई एकटीच बसे आणि मांडवाची नि वेलाची ओवी गाई:

मांडो टाकू कसा माय, येल सोडेना उंबरा
बाप म्हने ऱ्हाय बाई, माय म्हने जाय घरा

मास्तर ते ऐकत आणि पुढे वाच म्हणत. त्याच दिवसांत कुणाच्या तरी लेकीची मंगलाष्टके सांगायची होती. दोन ओळी झाल्या आणि तिसरी सुचेना. तसे त्यांना कधी झाले नव्हते.

मिरचीची पटांगणे पुन्हा लाल होत होती, तेव्हा एका दुपारी नथ्थू आप्पा एकटेच आले. पाणी घेतले नाही. माझ्यासमोर बसले. मास्तर माझ्यापलीकडे, फुलवंता शेजारी प्रुफे घेऊन. धनुबाई दारात उभी राहिली.

आप्पांचा आवाज चढा नव्हता, म्हणून तो जास्त लागला. ते म्हणाले, माझा पोरगा अंधारात गाडी जुंपून स्टेशनवर माल घालतो. बैल चुकतील, तो चुकत नाही. पण तुमचा शब्द गेल्यापासून दोन घरांनी नकार पाठवला. त्याला आता भाऊसुद्धा रात्री पाणी द्यायला शेतात पाठवत नाहीत. पोरगा स्वतःच स्वतःच्या डोळ्यांची परीक्षा घेतो, अंधारात सुईत दोरा ओवत बसतो. लेक द्यायची नव्हती तर नाही म्हणायचे होते, आमची ना नव्हती.

‘मास्तर, गाव तुम्हना शब्दवर चालस. माले एवढंच सांगा, तुम्ही काय दखं?’

मास्तरांची बोटे माझी कड चाचपू लागली. आणि तेवढ्यात फुलवंता बोलली. तिने हातातला कागद माझ्यावर ठेवला, त्यावर दोन्ही हात ठेवले आणि खाली बघत म्हणाली,

‘आप्पा, नानाना दोष नही. मीच सांगं व्हतं. माले ते घर नको व्हतं.’

धनुबाईच्या हातातला तांब्या वाजला. अशा बोलण्याचा अर्थ काय होतो हे त्या घरात सर्वांना ठाऊक होते. ज्या मुलीने भल्या घरच्या मुलावर खोटा बट्टा लावला, तिच्या दारात पुन्हा कोण सुपारी ठेवणार? नथ्थू आप्पांनी तिच्याकडे पाहिले. ते रागावले नाहीत, एवढेच म्हणाले की बाई, तू तर दाणे वेचत होतीस. आणि उठायला लागले.

मित्रांनो, मी जड सागाचे मेज. मला उठून कुणाला अडवता येत नाही. म्हणून तुमच्यापाशी माझी विनंती आहे. जुन्या वस्तूवरून अधूनमधून हात फिरवा, ती कुठे चिरली आहे ते हाताला कळते. घरच्या माणसांवरूनही तसाच फिरवा. जो नेहमी दुसऱ्यांच्या चुका शोधून देतो, त्याला कधीतरी विचारा की बाबा, तुझे कुठे दुखते? आमच्या गावाने मास्तरांना सगळे विचारले, तेवढे विचारले नाही. आणि जी लेक घरासाठी बसून राहते, तिचे बसणे तिच्या आवडीचे आहे असे धरून चालू नका.

नथ्थू आप्पा दाराशी पोचले होते. मास्तर गडबडीने उठायला गेले आणि त्यांचा गुडघा माझ्या कोपऱ्यावर आदळला. दौत कलंडली. शाई प्रुफांवरून वाहत गेली, फुलवंताच्या बोटांपर्यंत आली. मास्तरांना ते दिसले नाही. ते हात पुढे करून उभे राहिले. दार डावीकडे होते आणि ते समोरच्या भिंतीशी बोलू लागले. शाळेची भाषा, पुस्तकाची भाषा सगळी गळून पडली होती.

‘आप्पा, थांबा. पोर खोटं बोली ऱ्हायनी, मन्हासाठी. तुम्हना पोऱ्याना डोया चांगला शेत. आंधया मी शे. गये सालपासून माले एक अक्षर दिसत नही. पोर सासरे गयी ते माले कोन वाची दाखाडी, म्हनीसन मी तिन्ही स्थळं मोडात.’